इंग्लंडमध्ये घर घेताना घराचा विमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही रेडिंगला घर घेतलं त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून ओळखीतलं कुणी घर घ्यायला निघालं की फोन येतोच, आणि प्रश्नही बहुतेक तेच असतात. व्याजदर, शाळा, स्टेशनपासूनचं अंतर यांचा सगळ्यांनी महिनोन् महिने अभ्यास केलेला असतो. विमा मात्र शेवटच्या आठवड्यात, सॉलिसिटरची, म्हणजे खरेदीचं काम बघणाऱ्या वकिलाची, ईमेल आली की आठवतो. मग घाईघाईत जी पॉलिसी स्वस्त दिसेल ती घेतली जाते. असं होऊ नये म्हणून फोनवर जे सांगते ते इथे एकत्र लिहिलं आहे. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सला धरून आहे. स्कॉटलंडचं थोडं वेगळं असतं, ते खाली सांगितलं आहे.

विमा कोणत्या दिवसापासून हवा? चावी मिळेल त्या दिवसापासून ना?

नाही. एक्स्चेंजच्या दिवसापासून. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

इथे व्यवहाराचे दोन टप्पे असतात. दोन्ही बाजूंचे सॉलिसिटर सही केलेल्या करारांची अदलाबदल करतात, ते एक्स्चेंज. त्या वेळी तुम्ही साधारण दहा टक्के रक्कम भरता आणि व्यवहार पक्का होतो, माघार घेतली तर ती रक्कम जाते. उरलेले पैसे देऊन चावी मिळते, ते कम्प्लिशन. मध्ये बहुतेक वेळा आठवडा-दोन आठवडे जातात, कधी महिनाही जातो.

आपल्याकडे सगळं लक्ष खरेदीखत आणि ताबा यांवर असतं. ताबा मिळेपर्यंत घर विकणाऱ्याचं, त्याची काळजीही त्याचीच, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. इथे जे छापील करार वापरतात त्यांच्या नेहमीच्या अटींनुसार एक्स्चेंज झाल्या क्षणापासून घराची जोखीम खरेदीदारावर येते. मधल्या दिवसांत स्वयंपाकघराला आग लागली तरी ठरलेल्या दिवशी ठरलेले पैसे तुम्हाला द्यावेच लागतात. तोवर विक्रेत्याने विमा चालू ठेवलाच पाहिजे असंही करारात वेगळं लिहिल्याशिवाय बंधन नसतं.

आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याचं गुरुवारी एक्स्चेंज झालं आणि शनिवारी रात्री वादळ आलं. रविवारी ते सहज गाडीने घरावरून गेले तर छपराच्या माथ्यावरची कौलं बागेत पडलेली. घरात अजून विकणाऱ्या बाई राहत होत्या. त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, वाईट वाटतं, पण आता तुमच्या सॉलिसिटरशी बोला. नशिबाने यांनी गुरुवारीच पॉलिसी सुरू केली होती.

म्हणून कोटेशन दोन आठवडे आधी घेऊन ठेवा. सॉलिसिटर “आज एक्स्चेंज करू का?” असं विचारेल तेव्हा आधी विमा कंपनीला कळवा, मग हो म्हणा. पॉलिसीचा क्रमांक त्याला लगेच पाठवा, तोही तो मागतोच.

घराचा विमा कायद्याने सक्तीचा आहे का?

कायद्याने नाही. पण मॉर्गेज घेतलं असेल तर इमारतीचा विमा ही कर्जाची अट असते, तो नसेल तर पैसे सुटत नाहीत. रोख पैसे देऊन घर घेणाऱ्याला कुणी विचारणार नाही, आणि खरं तर त्यालाच तो सगळ्यात जास्त हवा असतो, कारण त्याचा सगळा पैसा त्या विटांमध्ये असतो.

ब्रोकरने मॉर्गेजबरोबर विमा दिला आहे. तोच ना हा?

आधी पॉलिसीचं नाव बघा. ब्रोकर बहुतेक वेळा देतो तो आयुर्विमा किंवा आजारपणाचा विमा. तुमचं बरंवाईट झालं तर कर्ज फिटावं एवढ्यासाठी तो असतो, त्यातून घराचं छप्पर दुरुस्त होत नाही. घरासाठी लागतो तो बिल्डिंग्ज इन्शुरन्स. तो भिंती, छप्पर, खिडक्या, जमिनीखालचे पाइप, बसवलेलं स्वयंपाकघर आणि बाथरूम यांचा असतो. घर उलटं करून हलवलं तर जे खाली पडेल, म्हणजे सोफा, टीव्ही, भांडी, कपडे, त्याचा विमा म्हणजे कंटेंट्स. दोन्ही एकत्र घेतले तर बहुतेकदा स्वस्त पडतात. बँकेला फक्त पहिल्याशी देणंघेणं असतं, दुसरा तुमच्या स्वतःसाठी. बँक स्वतःची पॉलिसी पुढे करते, पण ती घ्यायलाच हवी असं नाही. बाहेरची चालते.

घर साडेचार लाख पौंडांना घेतलं. मग विमा साडेचार लाखांचाच हवा ना?

नाही, आणि इथे माणसं दोन्ही बाजूंनी चुकतात. तुम्ही दिलेल्या किमतीत जमिनीची किंमत आहे, आणि जमीन जळत नाही. विमा उतरवायचा तो घर जमीनदोस्त झालं तर पुन्हा उभं करायला येणाऱ्या खर्चाचा. त्याला इथे रीबिल्ड कॉस्ट म्हणतात. लंडनच्या आसपास जमीनच महाग, त्यामुळे हा आकडा खरेदीच्या किमतीपेक्षा बराच कमी निघतो. उलट जुनं दगडी घर किंवा वारसा यादीतलं घर असेल तर तो किमतीच्या वरही जातो, कारण तसेच दगड, तसेच कारागीर आणावे लागतात.

आकडा शोधायला लांब जायला नको. बँकेच्या व्हॅल्युएशन रिपोर्टमध्ये किंवा तुमच्या सर्व्हेयरच्या रिपोर्टमध्ये तो असतो. आमच्या रिपोर्टमध्ये तो शेवटून तिसऱ्या पानावर, ओलाव्याच्या परिच्छेदाखाली एका ओळीत होता, आणि मी दोनदा वाचूनही तो माझ्या नजरेतून सुटला होता. रिपोर्टमध्ये नसेल तर बीसीआयएस या बांधकाम खर्चाची माहिती देणाऱ्या संस्थेचं गणनयंत्र ऑनलाइन आहे, त्यात क्षेत्रफळ, बांधकामाचं साल आणि पिनकोड घालायचा. या खर्चात मलबा हटवणं आणि आर्किटेक्टची फी धरलेली असते.

आकडा मुद्दाम कमी लिहून हप्ता वाचवायचा विचार येत असेल तर हे गणित बघा. घर पुन्हा बांधायला चार लाख लागतात आणि तुम्ही विमा दोन लाखांचा घेतला. आगीत चाळीस हजारांचं नुकसान झालं. पॉलिसीत प्रमाणशीर कपातीची अट असेल तर कंपनी म्हणते, तुम्ही निम्म्याचाच विमा घेतला होता, म्हणून भरपाईही निम्मी, वीस हजार. पूर्ण घर जळायची गरजच नाही, छोट्या नुकसानातही हा फटका बसतो.

आता बऱ्याच कंपन्या खोल्यांची संख्या विचारून सरसकट दहा लाख पौंडांपर्यंतचं संरक्षण देतात. साध्या घराला ते पुरतं आणि आकड्याची काळजीही मिटते. पॉलिसीत आकडा लिहिलेला असेल तर मात्र तो दर वर्षी महागाईप्रमाणे वाढतो ना, हे विचारून घ्या.

भारतातून नुकतेच आलेल्यांना हे सगळं नवं वाटतं, कारण तिकडे घराचा विमा सहसा कर्ज देणारी बँक लावते आणि आपण विसरून जातो. तिकडे १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा नावाची प्रमाणित पॉलिसी आहे. पुण्या-मुंबईतला फ्लॅट भाड्याने देऊन इकडे आला असाल तर तीही एकदा बघा.

फॉर्मवर इतके प्रश्न का विचारतात? एखादं उत्तर चुकलं तर?

कारण क्लेमच्या वेळी पहिल्यांदा हाच फॉर्म उघडतो. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याने तुमच्यावरचं ओझं कमी केलं. कंपनीने विचारलंच नाही ते आपणहून शोधून सांगायची आता गरज नाही. पण जे विचारलं त्याचं उत्तर नीट काळजी घेऊन द्यावं लागतं. निष्काळजीपणे चुकलात तर भरपाई कापली जाऊ शकते. मुद्दाम खोटं लिहिलंत तर पॉलिसी रद्द होते, क्लेम जातो आणि हप्ताही परत मिळत नाही.

चुका बहुतेक याच चार ठिकाणी होतात. पहिलं कुलूप. “पाच लिव्हरचं मॉर्टिस लॉक, बीएस ३६२१” असं विचारतात. दाराच्या कडेवरची पितळी पट्टी बघा, तिच्यावर तो ब्रिटिश मानकाचा क्रमांक आणि काइटमार्क, म्हणजे त्या मानकाचं चिन्ह, कोरलेला असतो. प्लास्टिकच्या दाराला हँडल वर उचलून अनेक ठिकाणी लागणारं कुलूप असतं, त्यासाठी वेगळा पर्याय असतो. घर पाहायला जाल तेव्हाच फोटो काढून ठेवा, कारण फॉर्म भरताना घर अजून दुसऱ्याचं असतं. दुसरं, छपराचा सपाट भाग किती टक्के आहे ते. मागच्या बाजूला वाढवलेल्या स्वयंपाकघरावर बहुतेकदा तो असतो. तिसरं, गेल्या पाच वर्षांतले क्लेम. भाड्याच्या घरात फोन पडून फुटल्याचा केलेला क्लेमही सांगायचा. कंपन्यांची एक सामाईक नोंदवही असते, त्यात तो दिसतोच. चौथं, नवरा-बायको दोघांच्या नावावर घर असेल तर पॉलिसीवरही दोघांची नावं हवीत.

सर्व्हेयरने भिंतीत तडा असल्याचं लिहिलंय. घाबरायचं का?

आपल्याकडे काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच जमीन फुगून वर येते. लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या बऱ्याच भागाखाली अशीच चिकणमाती आहे. कोरड्या उन्हाळ्यात ती आक्रसते, वरून ओक, विलो, पॉप्लरसारखी झाडं उरलंसुरलं पाणी ओढून घेतात, आणि पाया एका बाजूने खाली बसतो. याला सबसिडन्स म्हणतात. १९७६, २००३, २०१८, २०२२ या कोरड्या उन्हाळ्यांनंतर अशा क्लेमची लाट आली.

प्लास्टरमध्ये केसाएवढी रेघ असेल तर ती बहुतेक घरांत असते. पण तडा तिरका, जिन्याच्या पायऱ्यांसारखा विटांमधून जाणारा, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला आणि वर रुंद होत गेलेला असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक्स्चेंज करू नका. घर आधी एकदा खचून दुरुस्त झालं असेल तर नेहमीच्या कंपन्या नाही म्हणतात. अशा वेळी विकणाऱ्याच्या सध्याच्या विमा कंपनीलाच पुढे चालू ठेवाल का असं विचारायचं, ती अनेकदा हो म्हणते. दुरुस्तीचं प्रमाणपत्र सॉलिसिटरकडून मागून घ्या. सबसिडन्सच्या क्लेममध्ये आपल्या खिशातून भरायची रक्कम, म्हणजे एक्सेस, बहुतेक पॉलिसींत हजार पौंड असते. बाकीच्या क्लेमना ती शे-दोनशेच्या घरात असते.

घराजवळ नदी आहे. पुराचं काय?

ऑफर देण्याआधीच सरकारी संकेतस्थळावर पिनकोड घालून पुराचा धोका बघा. नदी-समुद्राचा धोका आणि साचणाऱ्या पावसाचा धोका तिथे वेगवेगळा दाखवतात. पावसाच्या धोक्याकडे कुणी बघत नाही, आणि नदीपासून लांब असलेल्या उताराच्या तळाच्या घरांचं नुकसान त्यानेच होतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

धोका जास्त असला तरी विमा मिळावा म्हणून २०१६ साली फ्लड री नावाची योजना सुरू झाली, ती २०३९ पर्यंत चालेल. तुम्ही थेट तिच्याकडे जात नाही. नेहमीच्या कंपनीकडूनच पॉलिसी घेता आणि कंपनी पुराची जोखीम मागच्या मागे तिकडे देते. मात्र १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतर बांधलेली घरं तिच्यात बसत नाहीत. म्हणून नदीकाठचं नवं कोरं, चकचकीत घर घेताय तर आधी विम्याचं कोटेशन घ्या, मग पडद्यांचे रंग ठरवा.

आम्ही लीजहोल्ड फ्लॅट घेतोय. इमारतीचा विमा आम्हीच घ्यायचा का?

बहुतेक वेळा नाही. लीजहोल्ड म्हणजे फ्लॅट लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने, जमीन आणि इमारत मूळ मालकाची, त्याला फ्रीहोल्डर म्हणतात. संपूर्ण इमारतीचा एकच विमा हा फ्रीहोल्डर किंवा व्यवस्थापन कंपनी काढते आणि तुमचा वाटा सर्व्हिस चार्जमधून वसूल करते. आपल्या सोसायटीच्या मेंटेनन्ससारखंच, फक्त इथे सभासदांच्या सभेत हात वर करून ठराव होत नाही. तुम्ही फक्त कंटेंट्स घ्यायचा. पण सॉलिसिटरकडून इमारतीच्या पॉलिसीची प्रत नक्की मागवा. रक्कम किती, एक्सेस किती, कधीपर्यंत चालू, गेल्या तीन वर्षांत हप्ता किती वाढला, एवढं तरी बघा.

१४ जून २०१७ च्या लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीच्या आगीत ७२ माणसं गेली. त्यानंतर बाहेरच्या भिंतींवर ज्वलनशील आवरण असलेल्या इमारतींचे हप्ते काही ठिकाणी कित्येक पटींनी वाढले, आणि ते भरले फ्लॅटमालकांनी. या विम्याच्या दलालीत फ्रीहोल्डरचा वाटा किती हे त्यांना पूर्वी कळतही नसे. मला यात खरोखर अन्याय वाटत आला आहे. ज्याने हप्ता भरायचा त्यालाच पॉलिसी निवडता येत नाही. ३१ डिसेंबर २०२३ पासून नियम बदलले, आता हप्ता आणि दलाली यांची माहिती फ्लॅटमालकांपर्यंत पोचवावी लागते. मागा. मागितल्याशिवाय कुणी देत नाही. उंच इमारत असेल तर बाहेरच्या भिंतीच्या तपासणीचा ईडब्ल्यूएस१ फॉर्मही विचारा.

बिल्डरकडून नवं घर घेतोय, दहा वर्षांची वॉरंटी आहे. मग विमा कशाला?

वॉरंटी बांधकामातल्या दोषांची असते. एनएचबीसी ही नव्या घरांना वॉरंटी देणारी संस्था, तिच्या वॉरंटीत पहिली दोन वर्षं दोष बिल्डरने दुरुस्त करायचे आणि पुढची आठ वर्षं मुख्यतः पाया-छप्पर अशा मोठ्या गोष्टींचं संरक्षण. आग, चोरी, पूर, फुटलेला पाइप त्यात येत नाहीत. एक फरक मात्र आहे. नव्या घराची जोखीम बहुतेकदा कम्प्लिशनपर्यंत बिल्डरकडेच राहते, म्हणून विमा चावीच्या दिवसापासून चालतो. तरी सॉलिसिटरकडून लेखी घ्या.

सुट्टीत पाच-सहा आठवडे भारतात जातो. घर बंद असतं. काही अडचण?

अडचण आहे, आणि ती आम्ही भोगली आहे.

बहुतेक पॉलिसींत घर सलग किती दिवस रिकामं राहिलेलं चालेल याची मर्यादा असते, कुठे ३० दिवस, कुठे ६०. ती ओलांडली की चोरी, पाइप फुटणं, तोडफोड यांचं संरक्षण थांबतं. आमच्या पहिल्या पॉलिसीत ६० दिवस होते. पुढच्या वर्षी चाळीस पौंड स्वस्त मिळाली म्हणून दुसऱ्या कंपनीची घेतली, तिच्यात ३० होते. दिराचं लग्न जानेवारीत होतं, आम्ही साताऱ्याला ३७ दिवस राहिलो. निघताना बिल वाचवायला हीटिंग पूर्ण बंद केलं.

चौतिसाव्या दिवशी शेजारच्या आजींचा मेसेज आला की तुमच्या पुढच्या दाराखालून पाणी येतंय. त्यांच्याकडे चावी होती. त्या आत गेल्या, पण पाणी बंद करायचा कॉक कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि फोनवर सांगायला आम्हालाही माहीत नव्हतं. माळ्यावरचा पाइप थंडीने गोठून फुटला होता. आम्ही तीन दिवसांनी पोचलो. मुलीच्या खोलीचं छत तिच्या पलंगावर कोसळलं होतं, ओल्या प्लास्टरचा लगदा आणि वरचं पिवळं लोकरीसारखं इन्सुलेशन एकत्र झालेलं. गालिच्यावर पाय ठेवला की पाणी वर येत होतं. जिन्याजवळच्या कपाटात माझ्या लग्नातल्या पैठणीची पिशवी होती. तिचा जांभळा रंग खालच्या चादरीत उतरला होता.

कंपनीने क्लेम नाकारला. अट पॉलिसीत स्पष्ट छापलेली होती आणि दिवसांचा हिशेब विमानाच्या तिकिटांवरून निघाला. वाळवणी, छत, गालिचे, सगळं आम्ही स्वतः केलं, त्यात दोन वर्षांची बचत गेली.

म्हणून तिकीट काढण्याआधी पॉलिसीतला “अनऑक्युपाइड” हा शब्द शोधा आणि दिवस मोजा. जास्त दिवस जाणार असाल तर कंपनीला आधी फोन करा. थोडे पैसे घेऊन किंवा काही अटी घालून मुदत वाढवून देतात. हिवाळ्यात हीटिंग साधारण १५ अंशांवर चालू ठेवा किंवा पाणी मुख्य कॉकपासून बंद करून पाइप रिकामे करा. बऱ्याच पॉलिसींत ही अटच असते. शेजारी किंवा मित्र आठवड्यातून एकदा घरात चक्कर मारतील अशी सोय करा, त्यांनी आल्याची तारीख फोनवर कळवली तर नोंदही राहते. पण नुसत्या चकरांनी घर वापरात आहे असं धरत नाहीत, तिथे कुणी राहायला हवं. आई-बाबा आले असतील आणि तुम्ही नसताना ते घरी राहणार असतील तर उत्तमच. त्यांनाही कॉक दाखवून ठेवा.

सोन्याचं काय? मंगळसूत्र, पाटल्या, आईने दिलेली ठुशी...

कंटेंट्सच्या विम्यात दागिना येतो, पण प्रत्येक वस्तूला मर्यादा असते, बहुतेकदा दीड-दोन हजार पौंड. त्याहून महाग वस्तू नाव आणि किंमत लिहून वेगळी नोंदवावी लागते. शिवाय सगळ्या मौल्यवान वस्तू मिळून एक वेगळी मर्यादा असते. पाच तोळ्यांच्या पाटल्या पहिली मर्यादा सहज ओलांडतात, हे हप्ता भरताना कुणाच्याच लक्षात येत नाही.

आपल्या सोन्याची खरी अडचण म्हणजे पावत्या नसतात. आजीची ठुशी कुठून आणायची पावती? इथल्या सोनाराकडून लेखी मूल्यांकन करून घ्या, प्रत्येक दागिन्याचा पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा, लग्नातले अंगावरचे फोटोही जपून ठेवा. सोन्याचा भाव वाढत राहतो, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी मूल्यांकन पुन्हा करा. बाहेर घालून जाता त्या दागिन्यांसाठी घराबाहेरचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला जाताना घातलेलं मंगळसूत्र वाटेत तुटून पडलं तर ते नुसत्या घरातल्या विम्यात येत नाही. आशियाई घरांत सोनं असतं हे चोरांना पक्कं ठाऊक आहे, पोलीसही दिवाळीच्या सुमारास सावध करतात. रोज लागत नाही ते बँकेच्या किंवा खाजगी लॉकरमध्ये ठेवावं हे माझं स्पष्ट मत.

वास्तुशांतीला घरात होम करणार आहोत. काही झालं तर विमा चालेल?

अपघाताने लागलेली आग बिल्डिंग्ज विम्यात येते. पण निखारा उडून लाकडी जमिनीवर नुसता काळा डाग पडला, ज्वाळा आलीच नाही, तर अनेक कंपन्या त्याला आग मानत नाहीत. तो डाग अॅक्सिडेंटल डॅमेज या जोडसंरक्षणात येतो, आणि ते बहुतेक वेळा जास्तीचे पैसे देऊन घ्यावं लागतं. मुलं लहान असतील तर मी ते घ्या म्हणते. होमकुंडाखाली विटा आणि वाळूची परात, जवळ पाण्याची बादली, खिडक्या उघड्या. स्मोक अलार्मवर प्लास्टिकची पिशवी बांधली तर भटजींना निरोप देताना ती आठवणीने काढा. एका घरी ती पिशवी संक्रांतीपर्यंत तशीच होती.

कशाचे पैसे अजिबात मिळत नाहीत?

झिजेचे. हळूहळू मुरलेली ओल, बुरशी, कुजलेली खिडकी, जुनं झालेलं छप्पर हे देखभालीचं काम, विम्याचं नाही. वादळात कुंपण आणि फाटक पडलं तर बहुतेक पॉलिसींत ते वगळलेलं असतं. वाऱ्याचे झोत किमान ताशी ५५ मैल असले तरच ते वादळ, अशी व्याख्या विमा संघटनेने सुचवलेली आहे आणि कंपन्या हवामानाच्या नोंदी तपासतात. पाइप फुटला तर भिजलेल्या गोष्टींचे पैसे मिळतात, खुद्द पाइपचे बऱ्याचदा नाहीत. गळती शोधायला लाद्या फोडाव्या लागतात त्याला “ट्रेस अँड अॅक्सेस” म्हणतात, ते पॉलिसीत आहे का तेवढं बघा.

आम्ही पुण्यातच राहतो. मुलगा इंग्लंडमध्ये शिकतोय म्हणून तिथे फ्लॅट घेतोय, एक खोली भाड्याने देऊ.

मग साधी पॉलिसी घेऊ नका. मालक परदेशात, राहणारा मुलगा, शिवाय भाडेकरू. या तिन्ही गोष्टी कंपनीला स्पष्ट सांगायला हव्यात. तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर अशा केसला नकार येतो, म्हणून विमा ब्रोकर गाठा. ब्रोकरांच्या बीबा या संघटनेकडे योग्य ब्रोकर शोधून देण्याची सोय आहे. पूर्ण घर भाड्याने देणार असाल तर लँडलॉर्ड पॉलिसी लागते. कर्ज असेल तर बँकेची परवानगीही आधी घ्या.

स्कॉटलंडमध्ये वेगळं काय?

तिथल्या नेहमीच्या करारांत ताबा मिळेपर्यंत जोखीम विकणाऱ्याकडे राहते. विमा ताब्याच्या दिवसापासून सुरू केला तरी चालतो. सॉलिसिटरला विचारून मगच ठरवा.

हप्ता कमी कसा करायचा?

वर्षाचा एकदम भरा, मासिक हप्त्यांवर व्याज लागतं. एक्सेस थोडी जास्त ठेवली तर हप्ता उतरतो, पण एवढीच ठेवा जी उद्या खिशातून देता येईल. हप्त्यात १२ टक्के विमा कर असतो, तो टळत नाही. जुन्या ग्राहकाकडून नूतनीकरणाला नव्या ग्राहकापेक्षा जास्त घ्यायला १ जानेवारी २०२२ पासून बंदी आहे, तरी दुसरीकडचा भाव बघावाच, कारण प्रत्येक कंपनीचं गणित निराळं असतं. फक्त दोन पॉलिसी शेजारी ठेवून रिकाम्या घराचे दिवस, दागिन्याची मर्यादा आणि एक्सेस या तीन ओळी जुळवा. आमचे चाळीस पौंड कुठे गेले ते वर लिहिलंच आहे. घेतल्यावर मन बदललं तर १४ दिवसांत रद्द करता येते.

क्लेम कसा करायचा, आणि नाकारला तर?

आधी पाणी किंवा वीज बंद करा, मग फोटो आणि व्हिडिओ, मग कंपनीला फोन. भिजलेलं सामान लगेच फेकून देऊ नका, बघायला माणूस येतो. तो लॉस अॅडजस्टर कंपनीने नेमलेला असतो, हे लक्षात ठेवून सौजन्याने पण मोजकं बोला. मोठ्या नुकसानात घर राहण्यासारखं उरलं नाही तर दुसरीकडे राहण्याचा खर्च मिळतो, तो आपणहून मागा.

निर्णय पटला नाही तर लेखी तक्रार करा. कंपनीला आठ आठवडे असतात. अंतिम उत्तर आलं की सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे ग्राहकांच्या अशा तक्रारींवर निवाडा देणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही, आणि त्याचा निर्णय तुम्ही स्वीकारला तर कंपनीवर बंधनकारक होतो. इंग्रजी अवघड वाटतं म्हणून गप्प बसणारी माणसं मी पाहिली आहेत. साध्या इंग्रजीत, तारखा घालून, एका पानात लिहिलं तरी पुरतं.

चावी हातात आली. पहिल्या दिवशी काय करू?

मीटरचे फोटो काढा, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, पॉलिसीचा क्रमांक फोनमध्ये ठेवा. मग पाण्याचा मुख्य कॉक शोधा. इथे त्याला स्टॉपकॉक म्हणतात. बहुतेकदा तो स्वयंपाकघराच्या सिंकखाली असतो, कधी जिन्याखालच्या कपाटात, कधी दाराजवळ जमिनीत. आमचा सिंकखालीच निघाला, मागच्या फळीच्या आड, आणि आधीच्या मालकांनी त्याच्यावरून पांढरा रंग मारलेला. प्लंबरने तो पान्याने फिरवला तेव्हा रंगाचे पापुद्रे पडले. आता त्याच्या दांड्याला मी लाल दोरा बांधला आहे, आणि शेजारच्या आजींना बोलावून तो दाखवला आहे.